वॅट किती, आणि कशाचे?

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. एवढ्या भांडवलावर नातेवाइकांत मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत कुठलंही यंत्र रुसलं की फोन मला येतो. मिक्सरमधलं मला काही कळत नाही हे सांगून उपयोग नसतो. पण भाच्याचा फोन आला तेव्हा मात्र मी सरसावून बसले. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये त्याला होम थिएटर करायचं होतं. साउंडबार नको, चांगला रिसीव्हर (म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायरचा डबा) आणि सुटे स्पीकर हवेत, असं त्याचं ठरलं होतं. दोन मॉडेलं त्यानं बाजूला काढून ठेवली होती. "मावशी, एक १३५ वॅटचा आहे आणि एक ८० वॅटचा. आणि ८० वाला महाग आहे. असं कसं?"

हे 'असं कसं' मला वर्गात वर्षानुवर्षं हवं होतं आणि तिथे ते क्वचित मिळालं. आवाजाचं यंत्र घेताना आपल्याकडे 'किती वॅटचा' इतकंच विचारायची रीत आहे. लग्नाचा डीजे ठरवताना तेच, गाडीला टेप बसवताना तेच, मंडळाच्या मीटिंगमध्ये तेच. आकडा मोठा की काम झालं. तो कुणी, कसा, काय काय धरून मोजला हे विचारणारा गिऱ्हाईक दुकानदाराला आगाऊ वाटतो.

माझ्या पिढीला या आकड्यांची सवय लागली ती पीएमपीओपासून. पीक म्युझिक पॉवर आउटपुट. नव्वदीच्या दशकात टू-इन-वनवर, टीव्हीच्या खोक्यावर, पुढे कॉम्प्युटरच्या प्लास्टिकच्या स्पीकरवर ही चार अक्षरं सोनेरी शाईत असायची. ४०० वॅट पीएमपीओ, १००० वॅट पीएमपीओ. यंत्राला वीज पुरवणारा अडॅप्टर पाहावा तर ९ व्होल्ट, एक अँपिअर. म्हणजे भिंतीतून आत येणार ९ वॅट आणि स्पीकरमधून बाहेर पडणार हजार! वीज मंडळानं खरं तर अशा घरांना बिलाऐवजी पैसेच पाठवायला हवे होते. पीएमपीओ मोजायची कुठलीही सर्वमान्य पद्धत कधीच नव्हती. एखाद्या क्षणाच्या हजाराव्या हिश्शात कॅपॅसिटरमधून जास्तीत जास्त काय बाहेर पडू शकेल याचा अंदाज करायचा, सगळे स्पीकर बेरजेत धरायचे आणि मग जाहिरात खात्याला वाटेल त्यानं गुणायचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

पीएमपीओ ही निव्वळ थाप होती, त्यामुळे ती ओळखणं सोपं. अवघड असतात ते अर्धे खरे आकडे. गाडीचा टेप घ्या. पुढच्या पट्टीवर '५० वॅट × ४' असं छापलेलं असतं. हे गणित मी फळ्यावर सोडवून दाखवायचे, कारण त्याला ओहमचा नियम सोडून काहीच लागत नाही. इंजिन चालू असताना गाडीची बॅटरी १४.४ व्होल्ट देते. टेपच्या आत व्होल्टेज वाढवणारी वेगळी सोय नसते, आणि स्पीकर ४ ओहमचा, म्हणजे विजेला त्याचा रोध तेवढा. स्पीकरची दोन्ही टोकं ढकलणारं ब्रिज सर्किट धरलं तरी लहरीचं टोक १४.४ व्होल्टच्या वर जाऊ शकत नाही. त्याचा वर्ग केला, दोननं भागला, चार ओहमनं भागला की येतात २६ वॅट. हे छत आहे. आतल्या ट्रान्झिस्टरमध्ये थोडं व्होल्टेज खर्च होतं, म्हणून प्रत्यक्षात वीसच्या आसपास. मग पन्नास आले कुठून? त्या दोननं भागायचं गाळलं की झालं: २०७ भागिले ४, बरोबर ५२. भौतिकशास्त्रात याला अर्थ आहे. लहर गोलाईदार न राहता पार चौकोनी झाली, म्हणजे आवाज पूर्ण फाटला, तर तेवढी वीज खरोखर स्पीकरमध्ये जाते. टेपवरचा आकडा खोटा म्हणता येत नाही, फक्त त्या आकड्याला गाणं ऐकवत नाही.

'आवाज फाटतो' हा आपल्याकडचा शब्द फार नेमका आहे. ॲम्प्लिफायरला पुरवठ्यातून मिळणाऱ्या व्होल्टेजपेक्षा जास्त देता येत नाही. त्याच्याकडे जास्त मागितलं की लहरीचे शेंडे कापले जातात. कापलेल्या शेंड्यांतून मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर तयार होतात आणि कानाला चरचर ऐकू येते. हा बिघाड टक्क्यात मोजतात. ०.०८ टक्के असला तर कुणाच्या बापाला कळणार नाही. १ टक्का झाला की तिखट कानाचा माणूस मान वर करतो. १० टक्के म्हणजे गणपतीच्या दहाव्या दिवशी रात्री पावणेदहाला चौकात जे ऐकू येतं ते. आणि गंमत अशी, की शेंडे कापेपर्यंत ओढलं तर मोजमापातले वॅट पाव हिश्शानं किंवा त्याहूनही थोडे जास्त वाढतात. म्हणून ज्याला आकडा मोठा करायचा आहे तो बिघाडाची मर्यादा १० टक्क्यांवर नेतो. जपानमध्ये या मापाला रीतसर मानकाचा दर्जा आहे, त्यामुळे जपानी कंपन्यांच्या पत्रकात ते उजळ माथ्यानं येतं.

भाच्याला मी ते १३५ वॅटवालं पत्रक उघडायला लावलं. एका नावाजलेल्या जपानी कंपनीचा सुरुवातीच्या श्रेणीतला ५.१ रिसीव्हर, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर सांभाळणारा. एकेका स्पीकरची वेगळी वाट म्हणजे चॅनल. खोक्यावर एक आकडा, पण पत्रकात एकाच यंत्राचे तीन. पहिला ७० वॅट: दोन चॅनल एकदम चालू, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे कानाला ऐकू येणारा, पूर्ण पट्टा, बिघाड ०.०९ टक्के. दुसरा १०० वॅट: एकच चॅनल चालू, एकच सूर, १ किलोहर्ट्झ, बिघाड ०.९ टक्के. तिसरा १३५ वॅट: एकच चॅनल, एकच सूर, बिघाड १० टक्के. आणि हे तिन्ही ६ ओहमच्या स्पीकरवर. त्याचा तो महागडा ८० वॅटवाला मात्र ८ ओहमवर, दोन चॅनल, पूर्ण पट्टा आणि ०.०८ टक्क्यांवर मोजलेला. तेवढंच व्होल्टेज ६ ओहमवर दिलं की वॅट कागदावर एक तृतीयांशानं आपोआप वाढतात. म्हणजे दोघांना एका रांगेत उभं करायचं तर ८० ची तुलना १३५ शी न करता ७० शी करायची, आणि त्या ७० मधूनही ओहमचा फायदा वजा करायचा.

गाडीचं ॲव्हरेज विचारताना मात्र हीच माणसं किती हुशार असतात! कंपनीनं लिटरला ६५ सांगितलं की शोरूममध्येच विचारतात, "हे एआरएआयच्या चाचणीतलं ना? पौड रोडला, मागे कुणी बसलं असताना किती देते ते सांगा." चॅनल किती चालू, ओहम किती, पट्टा केवढा, बिघाड किती टक्के, एवढं विचारलं की रिसीव्हरचंही पौड रोडवरचं ॲव्हरेज कळतं.

ही भानगड जुनी आहे. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकात स्टिरिओचा धंदा फोफावला तेव्हा तिथेही असेच मनाला येतील ते वॅट छापले जात. शेवटी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं १९७४ मध्ये घरगुती ॲम्प्लिफायरसाठी नियम केला: सलग देता येईल तेवढीच ताकद सांगा, आणि ओहम, पट्टा, बिघाड शेजारी लिहा. त्यात एक कलम असं होतं, की मोजण्याआधी यंत्र तासभर एक तृतीयांश ताकदीवर चालवायचं. ऐकायला हे सोपं वाटतं, पण ज्यानं कुणी ते कलम घातलं त्याला ॲम्प्लिफायर आतून माहीत होता. नेहमीचा एबी वर्गाचा ॲम्प्लिफायर सर्वांत जास्त तापतो तो पूर्ण ताकदीवर नाही, मधेच कुठेतरी, साधारण तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के ताकदीच्या पट्ट्यात. तिथे तासभर टिकायचं तर उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक जाडजूड लागतो आणि ट्रान्सफॉर्मर दणकट. कंपन्यांनी वर्षानुवर्षं कुरकुर केली आणि २००० मध्ये ती अट सैल होऊन एक अष्टमांशावर आली. २०२४ मध्ये त्याच कमिशननं नियम पुन्हा आवळला: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, बिघाड १ टक्क्याच्या आत, तेव्हाच वॅट म्हणा. पत्रक आपल्या देशातलं असो की परदेशातलं, माझ्यापुरती कसोटी हीच.

खरं म्हणजे ताकदीचं मोजमाप आणि दुकानदारी यांची सोयरीक त्याहून जुनी आहे. ज्या जेम्स वॅटचं नाव या एककाला १८८२ मध्ये सुचवलं गेलं, त्यानंच अश्वशक्तीचा हिशेब मांडला होता, तो आपली वाफेची इंजिनं खाणमालकांना आणि कारखानदारांना विकण्यासाठी. आमचं इंजिन तुमच्या किती घोड्यांचं काम करील, हे सांगायला. घोडा त्यानं जरा उदारपणे मोजला होता असं म्हणतात. म्हणजे त्या बाबतीत तरी वॅट आजच्या कंपन्यांपेक्षा सभ्य निघाला. गिऱ्हाइकाच्या पदरात मापापेक्षा जास्तच पडलं.

पत्रकानं भागत नसेल तर यंत्र उचलून बघावं. दुकानात रिसीव्हरला हात लावायला मिळाला तर मी आधी तो उचलते. ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड आणि तांबं, त्याला वजन चुकवता येत नाही. याचं शिक्षण मला पुस्तकात मिळालं नाही, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळालं. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टचं सामान आणायला जायचे तेव्हा तिथे ॲम्प्लिफायरचे तयार बोर्ड टांगलेले दिसायचे. त्यातला सगळ्यात खपाऊ म्हणजे ४४० आयसीचा, सान्योच्या एलए ४४४० चा. रिक्षात, टेम्पोत, गल्लीतल्या सत्यनारायणाच्या कर्ण्यामागे, सगळीकडे हाच. त्याच्या डेटाशीटमध्ये स्वच्छ लिहिलंय: दोन चॅनलला सहा-सहा वॅट, ब्रिजमध्ये जोडला तर १९, आणि तेही १० टक्के बिघाड धरून. तोच बोर्ड पत्र्याच्या डब्यात बसवला, पुढे निळे एलईडी लावले की डब्यावर '२०० वॅट'. गल्लीतला एक म्हातारा दुकानदार डबा न उघडता सांगायचा. एका हातात डबा तोलायचा आणि म्हणायचा, "ताई, यात १२ व्होल्ट तीन अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आहे. छत्तीसच्या वर काय निघणार?" त्या छत्तीसमधलेही निम्मे उष्णतेत जायचे. पण त्याचा हिशेब कुठल्याही ब्रोशरपेक्षा खरा होता.

इथे एक जास्तीची हुशारी करणारे लोक भेटतात, त्यांच्यापासूनही सावध राहावं. रिसीव्हरच्या पाठीवर वीजवापर लिहिलेला असतो, २५० वॅट, ४०० वॅट वगैरे. 'पाच चॅनल गुणिले १०० म्हणजे ५००, आणि पाठीवर २५०, म्हणजे कंपनी खोटारडी', असा हिशेब ते मांडतात. पाठीवरचा आकडा साधारणपणे पूर्ण ताकदीवर मोजलेला नसतो. सुरक्षेच्या मानकांप्रमाणे तो एक अष्टमांश ताकदीच्या आसपासचा असतो. तेव्हा त्यावरून छत काढता येत नाही. मात्र पाचही चॅनल एकदम ओढले तर प्रत्येकाला छापील वॅट मिळणार नाहीत, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. ट्रान्सफॉर्मर सामाईक असतो. सात आणि नऊ चॅनलच्या रिसीव्हरमध्ये तर तो आणखी वाटला जातो. यावर फार रक्त आटवण्यात अर्थ नाही, कारण सिनेमात सगळे चॅनल एकाच वेळी टोकाला जातील असे क्षण विरळा. बहुतेक वेळ काम मधला स्पीकर करत असतो आणि मागचे दोघं पावसाची रिपरिप सांभाळतात.

आता मूळ प्रश्न: लागतात किती वॅट? भाच्याला मी बजावलं होतं की या उत्तरानं तू निराश होणार आहेस.

वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. ३ डेसिबल म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल एवढं. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्याच्या ८० आणि १३५ मधला फरक, दोन्ही आकडे एकाच मापाचे असते तरी, सव्वादोन डेसिबलचा. त्याच्या त्या एकाच पत्रकातले ७० आणि १३५ यांच्यात तीन डेसिबलही नाहीत. इतकं सगळं बारीक अक्षरांचं राजकारण तीन डेसिबलांसाठी!

त्याचा हॉल नेहमीसारखा, सोफा आणि टीव्ही यांत दहा फूट, म्हणजे तीन मीटर. स्पीकरच्या पत्रकात संवेदनशीलता म्हणून एक आकडा असतो, तो त्याच्या स्पीकरचा ८८ डेसिबल. अर्थ असा, की एक वॅट दिला तर एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज. तीन मीटरवर, खोलीच्या भिंतींनी परत केलेला आवाज धरला नाही तर, साडेनऊ डेसिबल कमी, म्हणजे ७८.५. माणसं पडद्यावर बोलतात तेव्हा सोफ्यापाशी ६८-७० डेसिबल पुष्कळ झाले. त्याला लागला एक दशांश वॅट. खऱ्या सिनेमागृहाच्या पातळीला एका चॅनलची शिखरं १०५ डेसिबलपर्यंत जातात. तेवढं या सोफ्यावर हवं तर साधारण ४५० वॅट लागतील, जे त्या दुकानातला कुठलाच रिसीव्हर देणार नाही. पण फ्लॅटमध्ये त्या पातळीवर कुणी सिनेमा बघत नाही. नीट कॅलिब्रेट केलेल्या रिसीव्हरवर शून्य म्हणजे सिनेमागृह, आणि घरोघरी काटा उणे पंधरा-वीसच्या आसपास फिरतो. उणे पंधराला शिखराचे वॅट होतात १४. उणे वीसला साडेचार.

भाच्याचा विश्वास बसेना, म्हणून मी माझ्या घरी त्याला प्रयोग करून दाखवला. साधा मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावला आणि त्याच्या दोन पिना माझ्या जुन्या स्पीकरच्या पाठीमागच्या लाल-काळ्या टर्मिनलला टेकवल्या. ८ ओहमच्या स्पीकरवर २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॅट, हे त्याला कागदावर लिहून दिलं. सिनेमा सुरू झाला. संवाद चालू असताना काटा, म्हणजे आकडे, ०.३ आणि ०.६ व्होल्टच्या मधे नाचत होते. भाचा मोबाईलवर भागाकार करत होता. "अगं, हे तर ०.०३ वॅट येतंय!" पुढे गाड्यांचा पाठलाग आला, काच फुटली, शेजारच्या खोलीतून ताई, म्हणजे त्याची आई, ओरडली, तेव्हा मीटरनं ४ व्होल्ट दाखवले. दोन वॅट. मल्टीमीटर सरासरी दाखवतो, क्षणभराची शिखरं त्याच्या हाती लागत नाहीत, ती याच्या दहा-वीसपट असू शकतात, हेही मी सांगितलं. तरी वीसपट धरली तर चाळीस. सत्तर वॅटवाल्यात ती आरामात मावतात.

त्या शिखरांसाठीच जास्तीचे वॅट हवेत, हे खरं. राखीव ताकद नसलेला ॲम्प्लिफायर नेमक्या त्या क्षणी फाटतो. सारखा फाटत राहिला तर स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा नाजूक ट्वीटर भाजून निघतो. 'स्पीकर १०० वॅटचा आहे, मग ॲम्प १०० चाच हवा ना?' असं विचारतात, त्याचं उत्तर इथे आहे. स्पीकरवरचे वॅट म्हणजे त्याची सहनशक्ती, तो काही वीज तयार करत नाही. शंभरच्या स्पीकरला दीडशेचा स्वच्छ ॲम्प समंजस हातात चालतो. तीसचा ॲम्प मात्र पार्टीत पिळून पिळून वाजवला तर तोच स्पीकर मरतो. मंडळांमध्ये दरवर्षी असे किती ट्वीटर शहीद होतात ते तपकीर गल्लीला विचारा.

मग पैसे कुठे घालायचे? पहिल्यांदा स्पीकरमध्ये. ८५ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९१ चा घेतला तर सहा डेसिबल फुकट मिळतात. तेवढेच रिसीव्हरकडून घ्यायचे झाले तर वॅट चौपट करावे लागतील. त्यातही आधी मधला स्पीकर. 'गाण्याला भिंती हलतात पण बोलणं कळत नाही', ही तक्रार मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकली आहे, आणि संवाद सगळे त्या मधल्या स्पीकरमधून येतात. लोक त्यालाच टीव्हीच्या युनिटमध्ये खाली कोंबतात आणि त्याचं तोंड गुडघ्याकडे ठेवतात. पुढचा किनारा दोन रबरी बुडांनी उचलून कानाकडे वळवला तर कित्येक घरांत संवाद परत येतील. दुसरा दोष आपल्या फरशीचा. व्हिट्रिफाइड टाइल्स, मोकळ्या भिंती, काचेची सरकती दारं. आवाज टेनिसच्या चेंडूसारखा फिरतो. जाड पडदे आणि सोफ्यासमोर एक सतरंजी यांनी जे होतं ते हजारोंच्या ॲम्प्लिफायरनं होत नाही. ही सतरंजी ताईनं ताबडतोब मंजूर केली, कारण ती तिला तशीही हवीच होती.

बेसचं काम वेगळ्या सबवूफरकडे सोपवावं. त्याच्या पोटात त्याचा स्वतःचा ॲम्प असतो. रिसीव्हरच्या मेन्यूमध्ये स्पीकर 'स्मॉल' ठेवायचे आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचे सूर सबवूफरकडे जातात. या 'स्मॉल' शब्दानं माणसं दुखावतात, एवढे महागाचे टॉवर घेतले आणि स्मॉल कसे म्हणायचे! पण त्या एका सेटिंगनं रिसीव्हरच्या डोक्यावरचं सगळ्यात जड ओझं उतरतं आणि उरलेल्या वॅटना श्वास घ्यायला जागा मिळते. मात्र ८० हर्ट्झची लहर सव्वाचार मीटर लांब असते. तिला भिंत आणि स्लॅब अडवत नाही. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. त्याहीपेक्षा जवळचा कायदा म्हणजे खालच्या मजल्यावरचे काका. रात्री दहानंतर सबवूफरचं बटण चक्क बंद करा, किंवा रिसीव्हरमधला नाइट मोड लावा.

रिसीव्हरमध्ये वॅट सोडून काय बघायचं, हे भाच्याला मी थोडक्यात सांगितलं, कारण ते पत्रकात सरळ लिहिलेलं असतं. टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या त्याच एका वायरीतून रिसीव्हरकडे परत आणणारा एआरसी असला की ओटीटीचं सगळं भागतं, डोक्यावरूनही आवाज आणणारा ॲटमॉससुद्धा त्यातून येतो. त्याचा थोरला भाऊ ईएआरसी, त्याची खरी गरज ब्ल्यू-रे टीव्हीमार्फत जोडणाऱ्यांना. खोलीचा आवाज माइकनं मोजून दुरुस्त करायची सोय चांगल्या दर्जाची हवी. मी असते तर वीस वॅट सोडून हीच घेतली असती. प्री-आउट, म्हणजे ताकद वाढवण्याआधीचा सिग्नल बाहेर देणारी भोकं, असले तर पुढे कधी वेगळा ॲम्प जोडता येतो. छतातले स्पीकर फॉल्स सीलिंग झालेलं असेल आणि पुन्हा फोडायची तयारी असेल तरच. त्याची तयारी नव्हती, म्हणून ५.१ वर थांबलो. सात चॅनलचा रिसीव्हर पाचावर चालवला की सामाईक ट्रान्सफॉर्मरवरचे दोन वाटेकरी कमी होतात, हाही फायदा. सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे ना, हे बघावं. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लगबरोबर एचडीएमआय आणि केबलची वायरही काढून ठेवावी. एचडीएमआयचा बोर्ड गेला तर बाकी सगळा रिसीव्हर ठणठणीत असून मुका होतो.

वायरीच्या बाबतीत दुकानदारानं त्याला सोन्याचा मुलामा दाखवला. मी वायरमनच्या दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीचं गणित दाखवलं: पाच मीटरवरच्या स्पीकरला जाऊन-येऊन ०.१२ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे ते दीड टक्काच. लाल-काळी जोडी घे, प्लस-मायनस उलटं करू नकोस, आणि उरलेल्या पैशांतून सबवूफर एक नंबर मोठा घे, असं सांगितलं.

शेवटी त्यानं ८० वॅटवालाच घेतला, वॅटसाठी नाही, त्याच्या माइकसाठी. घरी आला तेव्हा कळलं की सुतारानं त्याच्यासाठी बनवलेला कप्पा तिन्ही बाजूंनी बंद आहे आणि पुढे काच. एबी वर्गाचा रिसीव्हर नुसता चालू ठेवला तरी चाळीस-पन्नास वॅटची शेगडी असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "मॅडम, मागची फळी काढली तर वायरी दिसतील," सुतार म्हणाला. खूप घासाघीस होऊन फळी राहिली, पण तिला वर आणि खाली हात जाईल एवढ्या खाचा पाडल्या, काच काढली आणि रिसीव्हरच्या डोक्यावर सहा इंच मोकळे ठेवले. त्या सहा इंचांत ताईनं दुसऱ्याच दिवशी वायफायचा राउटर नेऊन ठेवला. तो अजून तिथेच आहे.